सगळ्यांच्या मागे मकरंदराव

माणूस सायकलवर बसला की त्याला पुढे जायचं असतं. आमच्या रविवारच्या टोळीत तर हे खूळ फारच. पोट सुटलेले, गुडघ्याला पट्टे बांधलेले, बायकोने सकाळी औषधाची गोळी हातात देऊन पाठवलेले लोकसुद्धा समोर चढ दिसला की चेकाळतात. त्याला अपवाद दोनच होते. एक मी, कारण मला पुढे जाता येत नाही. दुसरे मकरंद भालकीकर, कारण त्यांना पुढे जायचंच नसे.

मी मेधा. हैदराबादच्या विद्यानगरला राहते आणि वकिली करते. कोर्टात मी सहसा कुणाला हार जात नाही, सायकलवर मात्र शेंबड्या पोरालाही जाते. त्यामुळे टोळीच्या शेपटाशी माझी आणि मकरंदरावांची गाठ पडली, आणि चार वर्षं पडत राहिली.

भालकीकर म्हणजे निजामाच्या काळापासून हैदराबादेत असलेलं घराणं. पणजोबा वकील, आजोबा वकील, वडील वकील. मकरंदरावांनी मात्र काळ्या कोटाकडे पाठ फिरवली आणि मालगाडीचे गार्ड झाले. घरात सुतक पडल्यासारखं वातावरण महिनाभर होतं म्हणे. आता त्या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. ते सांगितलं की मकरंदराव म्हणत, "मॅनेज काय डोंबल करणार, मेधाताई? इंजिन पुढे, मी मागे. मधले डबे ज्याचे त्याचे मालक."

सिकंदराबादहून वाडी जंक्शनकडे जाणाऱ्या मालगाडीच्या शेवटच्या डब्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. विकाराबादच्या आसपास गाडी बाजूच्या रुळावर घातली की दोन दोन तास हलत नसे. मेल, पॅसेंजर, सगळ्यांना वाट द्यायची, मालगाडीला कोण विचारतो. त्या दोन तासांत मकरंदराव डब्याच्या दारात उभे राहून अनंतगिरीच्या डोंगराकडे बघत. डोंगराच्या पायथ्याची लाल माती, तिच्यातून चढउतार करत जाणारे बारीक रस्ते, त्यावरून कापसाचं ओझं बांधून चाललेला एखादा सायकलवाला. बायकोला, त्रिवेणीवहिनींना, ते घरी येऊन सांगत की रिटायर झालो की त्या रस्त्यांनी सायकल चालवीन. वहिनी म्हणत, आधी तारनाक्याच्या बाजारातून भाजी आणा सायकलवर, मग डोंगराचं बघू. ते रिटायर झाले आणि वर्षाच्या आत वहिनी गेल्या. मुलगी हर्षदा बडोद्याला, तिचा संसार तिथला. मकरंदराव तारनाक्याच्या फ्लॅटमध्ये एकटे. मग त्यांनी सायकल घेतली.

आमच्या टोळीला रस्ते त्यांनीच दिले. त्याआधी आम्ही शहराच्या रिंगरोडवर ट्रकचा धूर खात हिंडत होतो. विकाराबादला उतरून डोंगराच्या पायथ्याने कुठून कसं वळलं की ट्रक लागत नाही, कुठे तुरीच्या शेतामधून रस्ता खाली उतरतो आणि तळ्याच्या बांधावर निघतो, कुठे चढ संपल्यावर सागाची सावली आहे, हे सगळं त्यांनी एकट्याने फिरून बघून ठेवलं होतं. ते रस्ते असे की अर्धा तास माणूस दिसत नाही. शेळ्या दिसतात, आणि लांबवर एखाद्या गावातला तेलुगू लाऊडस्पीकर ऐकू येतो. पहिल्यांदा गेले तेव्हा मला तिथे भीती वाटली होती. पुढे सवय झाली, आणि नंतर तर आठवडाभर मी त्या रस्त्यांची वाट बघू लागले.

टोळीचे दोन नियम होते, तेही त्यांचेच. सगळ्यांत पुढे वरुण. हा आमचा तिशीतला सॉफ्टवेअरवाला, मांड्या लोखंडाच्या. त्याच्या पिशवीत रांगोळीचं पाकीट. प्रत्येक फाट्यावर त्याने रस्त्यावर रांगोळीने बाण काढायचा, मागच्यांनी त्या बाणाने वळायचं. आणि सगळ्यांत मागे मकरंदराव. शेवटचं माणूस वळेपर्यंत त्यांनी फाटा सोडायचा नाही. ते वळलं की रांगोळी पुसायची, म्हणजे दुसऱ्या कुणाची वाट चुकायला नको. रांगोळीला ते पाय लावत नसत. दर फाट्यावर सायकलवरून उतरायचे, वाकायचे, कडुलिंबाच्या डहाळीने बाण झाडायचे, मग पुन्हा स्वार व्हायचे. तिथल्या बायका त्यांना "मुग्गु तात" म्हणायच्या, म्हणजे रांगोळीवाले आजोबा. त्यांना ते नाव आवडायचं, पण आवडतं असं कबूल करत नसत.

मी एकदा विचारलं, "तुम्हाला कधी पुढे जावंसं वाटत नाही?"

"पुढे जाऊन काय बघायचं? सगळे तर मागे राहतात." मग बराच चढ झाल्यावर, दम घेत, "मालगाडी स्टेशनातून गेली ना, की तिथला माणूस इंजिन बघत नाही. शेवटचा डबा बघतो. शेवटच्या डब्याची पाटी दिसली, तर गाडी पूर्ण आली. नाही दिसली तर मधे कुठे तरी कपलिंग तुटलंय, डबे मागे राहिलेत. मग लगेच बोंब. कुणाला पुढे सोडत नाहीत."

म्हणून सफर संपली की ग्रुपवर ते दोनच शब्द टाकत. "गाडी पूर्ण." त्याखाली अंगठे यायचे. ते दोन शब्द येईपर्यंत टोळीने घरी जायचं नाही अशी रीत होती. रीत होती म्हणजे सुरुवातीला होती. पुढे इडलीच्या हॉटेलात गर्दी व्हायला लागली, कुणाला सासुरवाडी, कुणाला क्रिकेट, आणि आम्ही दोघं पोचायचो तेव्हा टेबलावर नुसत्या चटणीच्या वाट्या उरलेल्या असायच्या. मकरंदराव मला एकटीने खायला नको म्हणून माझ्याबरोबर दोन इडल्या खायचे, मग त्यांची सायकल माझ्या गाडीवर चढवून आम्ही परत यायचो.

दिवाळीत हर्षदा आली होती. फ्लॅट भाड्याने द्या आणि बडोद्याला चला, हे ती दरवर्षी म्हणायची. या वेळी तिने वेगळंच विचारलं. मकरंदरावांनी मला ते पुढच्या रविवारी, तळ्याच्या बांधावर पाणी पिताना सांगितलं.

"म्हणते, बाबा, तुम्ही एक दिवस आला नाहीत, तर इथे कुणाला कळेल?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, माझी वीस माणसं आहेत रविवारची. ती म्हणाली, विचार करून सांगा. महिन्याने सांगतो म्हणून वेळ मारून नेली." ते बाटलीचं झाकण लावत राहिले. "तारनाका सोडवत नाही हो. तिचं घर चांगलंय, जावईसुद्धा चांगला आहे. पण तिथे मी काय करू? तिथे मी फक्त वडील."

ते मला तेव्हाच टोचलं. मी वकील आहे, प्रश्नाच्या पोटातला प्रश्न मला ऐकू येतो. त्यांना जायचं नव्हतं, आणि न जाण्यासाठी मुलीच्या एका प्रश्नाचं उत्तर त्यांना हवं होतं. बाकी काही नको होतं.

मुदत संपायच्या रविवारी माझा डावा गुडघा सुजला. मी येत नाही, असं ग्रुपवर कळवलं. गौतम, माझा नवरा, एका लग्नाला नांदेडला गेला होता. मी गोळी घेतली आणि पडून राहिले. मी नाही म्हटल्यावर मकरंदराव जुन्या सवयीने आगगाडीने गेले असणार, चाकं सोडवून, सायकल चादरीत गुंडाळून. दुपारी ग्रुपवर फोटो आला. हॉटेलासमोर सगळे, इडल्या, दात. खाली वरुणने लिहिलं होतं, "सब पोचले!" मी अंगठा टाकला आणि परत झोपले.

तिसऱ्या प्रहरी चहा करताना माझ्या डोक्यात आलं की "गाडी पूर्ण" आलेलं नाही. फोटोत मकरंदराव नव्हते हे खरं, पण फोटोत ते कधीच नसत. दोन शब्द मात्र नेहमी असत. मी फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तारनाक्याला त्यांच्या शेजारी फोन केला. दाराला कुलूप. मग वरुणला लावला.

"अंकल? ते तर ट्रेनने जातात ना, आंटी."

"तू त्यांना पाहिलंस का शेवटी?"

"मी कसा पाहणार? माझी चेन तुटली ना डोंगराच्या पुढे. बाजूने मालाची एक छोटी डीसीएम गाडी चालली होती, तिच्यात सायकल टाकून आडवाटेने डायरेक्ट हॉटेलला आलो. बाण पण पुढचे हेमंतने काढले, माझं पाकीट घेऊन."

"तुझ्या मागे कोण होतं?"

"सगळे पुढे गेले होते. चेन दुरुस्त करत बसलो होतो ना, तर मीच लास्ट होतो." मग त्याच्या ध्यानात आलं. "अंकल बोलले होते, पुढच्या फाट्यावर तुझ्यासाठी थांबतो. मी ग्रुपवर टाकलं होतं की, चेन गई, गाडीत बसलो म्हणून."

त्या पायथ्याला रेंज नाही हे टोळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि शेवटचं माणूस वळेपर्यंत मकरंदराव फाटा सोडत नाहीत, हेसुद्धा. वरुण वाईट मुलगा नाही. त्याला फक्त मागे बघायची सवय नाही, आणि ती त्याच्या एकट्याची खोड नव्हती. मी फोन ठेवला तेव्हा माझ्या तोंडात जे शब्द आले ते कोर्टात बोलले असते तर सनद गेली असती.

गाडी ऑटोमॅटिक आहे, डाव्या पायाला काम नाही. मी निघाले. चेवेळ्याच्या रस्त्यावरच्या वडांखालून जाताना काय काय मनात आलं ते लिहीत नाही. माणूस सत्तरीचा, एकटा, सकाळपासून. विकाराबाद ओलांडून त्या बारीक रस्त्याला लागले तेव्हा डोंगराची सावली शेतांवर पसरली होती. कापूस वेचणाऱ्या बायका घरी निघाल्या होत्या. एकीला मी मोडक्यातोडक्या तेलुगूत विचारलं, मुग्गु तात दिसले का? तिने पुढे बोट दाखवलं आणि तोंडाला पदर लावून काहीतरी म्हणाली, त्यातलं मला "पोद्दुन्नुंची" एवढंच कळलं. सकाळपासून.

फाट्यावर सिमेंटचा एक बसस्टॉप आहे, बस न येणारा. त्यात मकरंदराव बसले होते. सायकल खांबाला टेकवलेली, मांडीवर टोपी. समोर रस्त्यावर हेमंतच्या रांगोळीचा बाण तसाच होता.

माझा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ राग आला.

"या," ते म्हणाले. "गुडघा कसा आहे?"

"गुडघा गेला खड्ड्यात. वरुण सकाळीच हॉटेलात पोचलाय, डीसीएममध्ये बसून. तुम्हाला कुणी सांगितलं नाही."

"हौ. माहीत आहे मला."

मी गुडघा धरून त्यांच्या शेजारी टेकले.

"या चढावर गेलं की रेंज येते," ते म्हणाले. "दुपारी जाऊन आलो. फोटो आला होता. छान आलाय. हेमंतने नवी टोपी घेतली वाटतं."

"मग इथे काय करताय तुम्ही?"

"उगं बसलो."

"मकरंदराव."

त्यांनी टोपी उलटी केली, सुलटी केली. "परत खाली आलो. म्हटलं, आता आपण निघालो नाही तर काय होतं ते बघावं. मालगाडीचा रिकामा डबा मागे राहिला तरी पुढच्या स्टेशनात बोंब होते. आज रात्री हर्षदाला सांगायचं आहे. खरं तेच सांगावं म्हटलं. तर ते आधी कळायला हवं ना."

दुपारपासून हा माणूस त्या बसस्टॉपात बसून आपल्याला कुणी शोधायला येतं का ते बघत होता. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. या वयात असं रुसून बसतात का, असं बोलणार होते, पण ते रुसले नव्हते. त्यांचा चेहरा साधा होता, गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखा. रडू आलं ते मलाच.

"मी आले ना," मी म्हटलं. "मला कळलं ना."

"तुमचं काय, मेधाताई. तुम्ही घरच्या. तुम्हाला कसं मोजू?"

इतका मान मला आजवर कुणी दिला नव्हता, आणि इतका उपयोग नसलेला मानही. ते उठले, पाय आखडले होते म्हणून खांब धरून उभे राहिले, डहाळी शोधून आणली आणि बाण झाडून टाकला. मग आम्ही सायकल गाडीवर चढवली. ग्रुपवर काही लिहू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं.

चेवेळ्याच्या अलीकडे हर्षदाचा फोन आला. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ते फोन स्पीकरवर ठेवून बोलतात. मला तो संवाद ऐकायचा नव्हता, पण चालत्या गाडीतून जाणार कुठे?

"पोचलात का, बाबा?"

"पोचतोय. मेधाताईंच्या गाडीत आहे. हर्षू, तू विचारलं होतंस ना, मी आलो नाही तर कुणाला कळेल. आज झालं तसं. कळलं."

"कुणाला?"

"मेधाताईंना."

मग ती हळूच म्हणाली, "किती वेळाने, बाबा?"

मकरंदरावांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते बाहेर वडांकडे बघत होते. वाटलं असतं तर ते खोटं बोलू शकले असते, मी साक्षीदार म्हणून गप्प बसले असते.

"संध्याकाळ झाली," ते म्हणाले. आणि मग, "तिकीट काढ माझं."

संक्रांतीनंतर ते बडोद्याला गेले. टोळीने निरोप दिला, शाल दिली, भाषणं झाली. वरुणला मी सगळं सांगितलं होतं, तो दोन दिवस त्यांच्या घरी सामान बांधायला होता आणि एकही विनोद करत नव्हता. पुढे शेपटाला कोण राहणार, यावर चर्चा झाली. पाळीपाळीने राहू, असं ठरलं. दोन रविवार पाळी झाली. मग कुणीतरी म्हणालं, आता प्रत्येकाच्या फोनवर सगळे कुठे आहेत ते दिसतंच की. रेंज असली तर, हे मी म्हटलं, पण तोवर सगळे पायडलवर होते.

आता शेवटची मीच. फाट्यावर वळून मागे बघते तर रिकामा रस्ता आणि तूर. पूर्वी हाच एकांत मला हवाहवासा वाटायचा, कारण पन्नास हातांवर मागे कुणीतरी खोकत असायचं. आता तो मला खातो. तरी जाते, कारण घरी बसले तर जास्त खाईल.

पळस फुलले होते त्या दिवसांत एकदा डोंगराच्या पलीकडच्या उतारावर माझं मागचं चाक पंक्चर झालं. जादा ट्यूब होती, पण पंप हेमंतकडे, आणि हेमंत पुढे. फोनला रेंज नव्हती. सायकल ढकलत निघाले, गुडघा बोलायला लागला तसा एका दगडावर बसले. ऊन चढलं. आत्ता सगळे इडली खात असतील, फोटो काढत असतील, असं मनात आलं. मी रागावले नाही. मकरंदराव त्या बसस्टॉपात कसे बसले असतील ते मला त्या दगडावर बसून नीट कळलं, आणि त्यांना तेव्हा मनातल्या मनात पोरकट म्हटल्याबद्दल वाईट वाटलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग चढावरून एक सायकल उतरताना दिसली. वरुण. घामाने निथळत होता, पाठीला पंप बांधलेला.

"आंटी, ठीक आहात ना?" त्याला धाप लागली होती. "ग्रुपवर फोटो टाकला, तर अंकलचा फोन आला बडोद्याहून. विचारलं, शेवटचं माणूस दिसलं का? मी बोललो येईल, मागे असेल. तर बोलले, येईल नको, दिसलं का सांग. पुन्हा केला. मग हेमंतला केला. मग हॉटेलच्या मालकाला केला, त्याने येऊन आमच्यासमोरच्या प्लेटाच उचलल्या."

तो माझ्या चाकापाशी बसला आणि ट्यूब मागू लागला. मी ती काढून दिली. नेहमी मीच याला झापते, पण त्या दिवशी त्याच्यासमोर मी लहान मुलीसारखी रडले आणि तो खाली मान घालून टायर सोडवत राहिला.

चढ चढून वर आलो तिथे रेंज आली, आणि त्याचा फोन खणखणायला लागला. त्याने तो माझ्या हातात दिला.

"मी मेधा," मी म्हटलं. "दिसले."

"हौ," मकरंदराव म्हणाले. पलीकडे भांड्यांचा आवाज होता, हर्षदा कुणाला तरी म्हणत होती, आता तरी बाबा जेवायला बसतील.